साडेबारामधलं टिंब

“एक, दोन, पॉइंट, पाच. स्पेस. एम, सी, जी.”

मुंबईच्या उपनगरातल्या एका औषध कंपनीच्या ऑफिसात दोघी समोरासमोर बसून वाचत असतात. एकीच्या हातात मंजूर मजकूर, दुसरीच्या पुढ्यात आर्टवर्कचा प्रिंटआउट. पहिली मोठ्यानं वाचते, दुसरी प्रत्येक अक्षरावर पेन्सिलीचं टोक टेकवत पुढे सरकते. स्वल्पविराम आला की “कॉमा”, जागा सुटली की “स्पेस”. थायरॉइडच्या गोळ्या आहेत, १२.५ मायक्रोग्रॅमच्या. एरवी कुणीही याला साडेबारा म्हणेल. या टेबलावर तसं म्हणायची मनाई आहे, कारण साडेबारा म्हटलं की टिंब ऐकू येत नाही. हेच औषध १२५ मायक्रोग्रॅममध्येही मिळतं. छपाईत टिंब गळलं, तर छापलेला डोस दहापट होतो.

औषधाच्या खोक्यावर काय छापायचं हे नेमकं ठरवतं कोण, असं विचारलं की इथल्या आर्टवर्क कोऑर्डिनेटर मॅडम एक फॉर्म पुढे सरकवतात. “नऊ सह्या,” त्या म्हणतात. “एका कार्टनला नऊ. फॉइलला वेगळ्या नऊ, आतल्या लीफलेटला वेगळ्या.”

मार्केटिंग, मेडिकल, रेग्युलेटरी, पॅकेजिंग डेव्हलपमेंट, क्यूए म्हणजे गुणवत्ता विभाग, कारखाना अशी टेबलं घेत फॉर्म फिरतो आणि प्रत्येकाला त्या तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर आपली जागा हवी असते. मार्केटिंगला ब्रँडचं नाव ठसठशीत हवं. पण एकाच घटकाच्या औषधांवर जेनेरिक नाव ब्रँडपेक्षा किमान दोन फॉन्ट-साइझनं मोठं हवं, असा नियम २०१८ मध्ये आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधाला ‘आरएक्स’ची खूण आणि इशाऱ्याचा मजकूर लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडना बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आणि बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत हे सगळं त्या कोडमध्ये आलं. प्रत्येक बॅचला कोड बदलणार, म्हणजे तो ऐनवेळी पॅकिंग लाइनवर छापायचा. त्यासाठी कार्टनवर व्हार्निश न लावलेला एक चौकोन मोकळा सोडावा लागतो, कारण व्हार्निशवर शाई नीट धरत नाही. हा चौकोन डिझायनरला स्क्रीनवर खटकतो, तर कारखान्याच्या लेखी संपूर्ण डिझाइनमधला तोच सगळ्यात महत्त्वाचा भाग असतो.

ही ओढाताण सोडवण्यात मॅडमचा निम्मा दिवस जातो. मेडिकलनं बदललेली ओळ मार्केटिंगच्या फाइलमध्ये आलेली नाही, खरेदी विभागानं जुन्याच आवृत्तीवर प्रिंटरला ऑर्डर दिली आहे, असे फोन सतत चालू असतात. कंपनीत त्यांच्या कामाला ‘फॉलोअप’ म्हणतात. तासभर त्यांच्या शेजारी बसलं तरी कळतं, की नऊ विभागांच्या नऊ मतांतून एकच खरी प्रत शाबूत ठेवणं हे फॉलोअपपेक्षा फार मोठं काम आहे.

ही प्रत सदोष असेल तर काय होतं, याचं कुप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या दोन कुप्या, एक १० युनिटची आणि एक १०,००० युनिटची. दोन्हींची लेबलं निळ्याच छटांची. २००६ मध्ये इंडियानापोलिसच्या एका रुग्णालयात फार्मसीतून चुकीच्या कुप्या वॉर्डाच्या कपाटात गेल्या, नर्सनाही फरक जाणवला नाही आणि तीन नवजात बाळं दगावली. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये अभिनेता डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांना तोच हजारपट डोस गेला. ती दोघं वाचली. उत्पादक कंपनीनं २००७ मध्ये लेबलचा रंग बदलला, अक्षरं मोठी केली आणि फाडल्याशिवाय कुपी वापरता येणार नाही अशी लाल इशाऱ्याची पट्टी जोडली. माणसांच्या चुका होत्याच, पण त्या चुकांना वाट लेबलांच्या सारखेपणानं करून दिली होती.

म्हणूनच नऊ सह्यांचा आकडा ऐकून निर्धास्त वाटत नाही. नऊ सह्या म्हणजे नऊ वेळा वाचन नव्हे. खालच्या सहीवर विसंबून वरची सही होते आणि फॉर्म पुढे जातो. आता तुलना करणारं सॉफ्टवेअरही आलंय. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवली की फरक तेवढा रंगवून दाखवतं. ते उपयोगी आहे यात शंका नाही. पण मूळ फाइलमध्येच १२५ असेल, तर नव्या फाइलमधलं १२५ त्याला तंतोतंत बरोबर वाटतं. मूळ चूक पकडायला औषध माहीत असलेलं आणि न कंटाळता वाचणारं माणूसच लागतं. अशा वाचणाऱ्या इथे दोघीच आहेत, आणि मुदत जवळ आली की पहिली कात्री त्यांच्याच वेळेला लागते.

त्या दुपारी प्रिंटरकडून फॉइलचं प्रूफ येतं. सोबत शेड कार्ड, त्यावर फिकट, योग्य आणि गडद अशा छटांचे तीन नमुने. रंगांचं दोन मिनिटांत उरकतं. मग मॅडम भिंग काढतात. कार्टन ऑफसेटवर छापतात. ॲल्युमिनियम फॉइल मात्र कोरलेल्या सिलिंडरवर, वेगानं. चकचकीत पृष्ठभागावर काळी बारीक अक्षरं, त्यांत ते टिंब. पहिल्या ओळीत ते स्पष्ट आहे. तिसऱ्या ओळीत अर्धवट उमटलंय. पाचव्या ओळीत एक आणि दोननंतर थोडी जागा, मग पाच.

“हे पाहा,” म्हणत त्या भिंग पुढे करतात. नुसत्या डोळ्यांना तिथे १२५ दिसतं.

सिलिंडर नव्यानं कोरायचा म्हणजे खर्च आणि काही दिवसांचा उशीर. खरेदी विभागाचा फोन पाच मिनिटांत येतो. “मॅडम, टिंब आहे की तिथे. आर्टवर्कमध्ये तर बरोबरच आहे ना?”

“आर्टवर्कमध्ये आहे. पेशंटच्या हातात आर्टवर्क जात नाही, स्ट्रिप जाते.”

आवाज चढत नाही, पण उत्तरही बदलत नाही. टिंब मोठं करायचं, आकड्यांमधली जागा वाढवायची आणि १२.५ च्या स्ट्रिपचा रंग १२५ च्या रंगापासून आणखी लांब न्यायचा, असं त्या प्रूफवर लाल पेनानं लिहितात. रंग बदलायचा म्हणजे मार्केटिंगचा होकार हवा, म्हणून लगेच तिकडे फोन लागतो. आवृत्ती ०३ वर ‘रद्द’चा शिक्का बसतो. ०४ चा कोरा फॉर्म पहिल्या टेबलाकडे जातो, नऊ रिकाम्या चौकटींसह.