दोन घाटांमधला श्वास

मुंबईहून रेल्वेने देशावर यायचे घाट दोन. बोरघाट चढला की लोणावळा, थळघाट चढला की इगतपुरी. गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्रात श्वास आणि ध्यान यांच्या नात्याचं जे काही झालं, त्यातलं बरंचसं या दोन स्टेशनांच्या आसपास झालं. लोणावळ्याला श्वास आवरायला, कोंडायला आणि यंत्रावर मोजायलाही शिकवलं. इगतपुरीला मात्र श्वासाला हात लावायचा नाही, असा दंडक. दोन्हीकडून लोक शांत होऊन परततात आणि दोन्हीकडचे एकमेकांविषयी फारसं बोलत नाहीत.

सुरुवात नर्मदाकाठच्या मालसरला झाली. तिथल्या परमहंस माधवदासांचे दोन शिष्य पुढे नावारूपाला आले. एक श्री योगेंद्र. त्यांनी १९१८ मध्ये वर्सोव्याला ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. अमळनेरला शिक्षणाचं काम केलेला आणि बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या तालमीत घडलेला हा माणूस. योगाचे फायदे नुसते सांगून त्याचं समाधान होईना. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करणाऱ्या विद्यार्थ्यांचे क्ष-किरण फोटो काढले. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे पुढे त्यांनी दाबमापीवर दाखवलं आणि त्या पोकळीला गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. परंपरा आणि प्रयोगशाळा यांची अशी सोयरीक मला तरी दुसरीकडे आढळलेली नाही.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघालं. १९३१ मध्ये कुवलयानंदांचं प्राणायामावरचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यांचा एक निष्कर्ष आज मुद्दाम आठवावासा वाटतो: जास्त प्राणवायू मिळवणं हे प्राणायामाचं मर्म नव्हे. सावकाश पूरक (श्वास आत घेणं), कुंभक (तो रोखणं), मग लांबवलेला रेचक (तो सोडणं) या क्रमाने श्वसन चालवलं, तर मिनिटाला आत येणारी हवा वाढत नाही, उलट घटू शकते. प्राणायामाचा गुण शोधायचा तर मज्जासंस्थेवरच्या परिणामात आणि छाती-पोटातल्या दाबांच्या बदलात शोधावा, असं त्यांचं म्हणणं. तरीही ‘प्राणायामानं भरपूर ऑक्सिजन मिळतो’ हे वाक्य प्रत्येक योगवर्गात बिनदिक्कत चालू आहे. ज्या प्रयोगशाळेच्या पुण्याईवर योगाला ‘शास्त्रीय’ म्हणायची सोय झाली, तिचंच म्हणणं आपण ऐकलं नाही.

लोणावळ्याला राहून शिकलेल्यांत येल विद्यापीठाचे के. टी. बेहानन होते. त्यांचं पुस्तक १९३७ मध्ये निघालं. प्राणायामानंतर आकडेमोडीसारख्या चाचण्यांत आपला वेग मंदावतो, असं त्यांना आढळलं. प्राणायामानं मुलं गणितात हुशार होतात, असं सांगणाऱ्यांची ही पंचाईतच. पण जुन्या क्रमाच्या नजरेतून पाहिलं तर यात आश्चर्य काही नाही. पतंजलीच्या आठ अंगांत प्राणायाम चौथा, त्यानंतर प्रत्याहार, मग धारणा, मग ध्यान. प्राणायामाने मन धारणेला लायक होतं, एवढंच तिथे म्हटलं आहे. हिशेब पटापट करण्याचा उल्लेख नाही. बाहेरच्या कामातली चपळाई जरा उतरणं हीच त्या लायकीची सुरुवात असेल, तर बेहानननं बरोबर तेच टिपलं.

मराठी माणसाला हा क्रम अनोळखी नव्हता. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसनावर स्थिर बसण्याविषयी जे थोडक्यात आहे, ते ज्ञानेश्वरांनी नाथपंथाच्या अनुभवानं फुलवलं. मूळबंध, जालंधर, उड्डियान, कुंडलिनी, सगळं तिथे येतं. पण हरिपाठात योगयागाला बाजूला सारून नामाला पुढं केलं गेलं आणि वारकऱ्यांनी तेच उचललं. श्वास आवरणं मठात आणि आखाड्यात राहिलं. इथं एक आडवळण घेतो. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणताना आणि ‘ओम मणि पद्मे हुं’ म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या ठोक्यांतला लयबद्ध चढउतार वाढतो, असं त्यात दिसलं. हरिपाठ त्यांनी तपासला नव्हता. पण एका दमात चरण म्हणून पुढचा दम घेणाऱ्या टाळकऱ्याला प्राणायामाचं वेगळं अगत्य का वाटलं नसावं, याचा अंदाज येतो.

पुण्यात योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये आले. त्यांची शिस्त वेगळी. आधी आसनांनी छाती आणि कणा तयार करा, मग प्राणायाम. तोही सुरुवातीला आडवं पडून, पाठीच्या कण्याखाली ब्लँकेटची लांबट घडी घेऊन. त्यांचं प्राणायामावरचं पुस्तक आसनांच्या पुस्तकानंतर पंधरा वर्षांनी, १९८१ मध्ये आलं. नाकपुडीवर बोट कुठे आणि किती दाबायचं, यावर त्यात सविस्तर विवेचन आहे. तर्जनी-मध्यमा तळव्याकडे मिटलेल्या, उजवीकडे अंगठा, डावीकडे अनामिका आणि करंगळी. बोटांची टोकं नाकाच्या हाडाखालच्या मऊ भागावर टेकतात आणि हवेची वाट केसभर अरुंद करतात. असं काही मिनिटं नीट केलं की कानाला स्वतःचा श्वास ऐकू येईनासा होतो आणि मन दुसरीकडे जायला निमित्त शोधत नाही. ध्यानाचा आरंभ इथेच होतो, निराळी घंटा वाजत नाही.

इगतपुरीचा प्रवाह ब्रह्मदेशातून आला. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत झालं आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र सुरू झालं. दहा दिवसांच्या शिबिरातले पहिले साधारण साडेतीन दिवस आनापानाचे, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाहण्याचे. नाकपुड्या आणि वरचा ओठ यांमधल्या जागेवर लक्ष ठेवायचं. श्वास आला तर आला, गेला तर गेला. लांब असेल तर लांब, आखूड तर आखूड. मोजायचा नाही, त्याला मंत्र जोडायचा नाही. प्राणायामासकट आपापल्या इतर साधना शिबिरापुरत्या बाजूला ठेवायच्या. जन्मभर अनुलोम-विलोम केलेल्या माणसाची इथे खरी परीक्षा होते. श्वासाकडे पाहायला लागलं की तो आपोआप लांबतो, सवयीनं कुंभक लागतो, आणि मग लक्षात येतं की आपण पाहत नसून चालवतोय. गुडघे दुखतात हे सगळे सांगतात. हात न लावता पाहणं किती अवघड आहे, हे फार थोडे सांगतात. घरी आरोग्यासाठी प्राणायाम करा, पण आनापानात मिसळू नका, असा गोयंकांचा सल्ला असे.

माझ्या मते दोन्ही घाटांचा वाद वरवरचा आहे. सावकाश, लांब रेचकानं हृदयाची गती उतरते, त्यात व्हेगस नावाच्या चेतातंतूचा हात आहे. बसल्या जागी नुसतं पाहत राहिलं तरी बहुतेकांचा श्वास काही वेळानं मंदावतो. एकजण जिना चढून जातो, दुसरा त्याच मजल्यावर आधीच राहत असल्यासारखा बसतो. ज्याचं मन फारच उधळलेलं आहे त्यानं आधी बोटं नाकाला लावावीत, असं माझं झुकतं माप.

या शतकाच्या सुरुवातीला दूरचित्रवाणीवर सकाळची शिबिरं सुरू झाली आणि कपालभाती घराघरात शिरली. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात ती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धीच्या क्रियांत मोडते. तिथले आठ कुंभक, म्हणजे प्राणायामाचे प्रकार, वेगळे. लोकांना मात्र जोरात फुसफुस म्हणजेच प्राणायाम वाटू लागलं. वेगानं उच्छ्वास टाकत राहिलं तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. या हलकेपणाला ध्यान समजण्याची गफलत सर्रास होते.

मग करोना आला. घरोघरी ऑक्सिमीटर आले. प्रकृती ठणठणीत असलेल्यांच्या बोटावर आकडा आधीच ९७-९८ दिसायचा. अनुलोम-विलोम करून तो वर कुठे जाणार? कुवलयानंदांनी १९३१ मध्ये लिहिलेलं प्रत्येकाच्या बोटावर दिसत होतं. तरी व्हॉट्सॲपवर ‘ऑक्सिजन वाढवणारे प्राणायाम’ फिरतच राहिले.

२०१५ पासून २१ जूनला सरकारी योग प्रोटोकॉल मैदानांवर होतो. त्याचा क्रम जुना आहे: आसनं, कपालभाती, नाडीशोधन, शीतली, भ्रामरी आणि मग ध्यान. कपालभाती तिथे प्राणायामाआधी स्वतंत्र ठेवली आहे, हे बरं केलं. भ्रामरीपर्यंत सगळे उत्साहात असतात. ध्यान सुरू होतं तेव्हा मागच्या रांगेतल्या सतरंज्यांची गुंडाळी होऊ लागते, कारण पाहुण्यांची भाषणं बाकी असतात आणि चहा गार होत असतो.