माहिती भरणाऱ्याला पान दिसू द्या

बाजार समिती असो, नगरपरिषद असो, शिक्षण संस्था असो की तालुक्याचे साप्ताहिक, वेबसाइट नव्याने करायची म्हटले की हल्ली कोटेशनमध्ये ‘हेडलेस सीएमएस’ अशी एक ओळ दिसते. साइट वेगवान होईल, पुढे अ‍ॅप काढायचे झाले तर तीच माहिती वापरता येईल, हॅकिंगचा धोका कमी होईल, असे ठेकेदार सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. तरीही यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक संस्थांनी या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी ही भानगड काय ते पाहू. 2003 साली आलेल्या वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत मजकूर भरण्याची जागा आणि वाचकाला दिसणारे पान एकाच घरात राहतात. ऑपरेटरने बातमी टाइप केली, ‘प्रीव्ह्यू’ दाबले, पान पाहिले, प्रसिद्ध केले. हेडलेसमध्ये उरते ते फक्त माहितीचे कोठार. पान दाखवण्यासाठी वेगळा प्रोग्राम लिहावा लागतो, तो एपीआयमार्फत कोठारातून मजकूर मागवतो आणि मांडतो. कंटेंटफुल, स्ट्रॅपी, सॅनिटी ही या प्रकारातली जगभर चालणारी नावे.

मोठ्या वृत्तपत्राला ही रचना शोभते. लोकनायक बापूजी अणे यांनी 1918 मध्ये यवतमाळातून ‘लोकमत’ साप्ताहिक काढले, तेव्हा मजकूर एकाच ठिकाणी पोचत होता, छापील कागदावर. आज कुठल्याही मोठ्या दैनिकाची एकच बातमी वेबसाइट, अ‍ॅप, सूचना आणि पडदा अशी चौफेर जाते. एवढी दारे असली तर कोठार वेगळे ठेवण्यात शहाणपण आहे, कारण तिथे दाराची बिजागरी बिघडली की दुरुस्त करणारे प्रोग्रामर पगारावर असतात. तालुक्याच्या संस्थेत मात्र एकच संगणक ऑपरेटर असतो, आणि त्याच्याकडे आवक-जावकही असते.

या ऑपरेटरचेच सर्वांत मोठे नुकसान होते. त्याच्यासमोर शीर्षक, उपशीर्षक, मजकूर, चित्र असे रकाने असतात, पण पान दिसत नाही. प्रीव्ह्यू हवा असेल तर तो वेगळा बांधून घ्यावा लागतो, आणि स्वस्त कोटेशनमध्ये नेमके तेच गाळलेले असते. मराठीत याचा फटका जास्त बसतो. पानाची रचना करणारा बहुधा इंग्रजी मजकूर टाकून चाचणी घेतो. ओळींमधले अंतर त्याने इंग्रजीच्या मापाने आवळलेले असते, म्हणून ‘निर्णय’मधला रफार वरून छाटला जातो आणि खालच्या ओळीतला उकार अर्धाच उरतो. ‘पांढरकवडा कृषी उत्पन्न बाजार समिती’ एवढे लांब शीर्षक मोबाइलवर कुठे तुटते, हे भरणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. एक्सेलमधून उचललेला दरांचा तक्ता पानावर कसा पडला, हे त्याला प्रसिद्ध केल्यानंतर, तेही दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून समजते.

दुसरा धोका जुन्या मजकुराचा. समजा, 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव, 8,110 रुपये क्विंटल, चुकून 8,010 असा पडला. ऑपरेटरने लगेच दुरुस्त केला, कोठारात बरोबर आकडा आला. पण पाने आधीच तयार करून ठेवणारी रचना असेल तर ती पुन्हा ‘बिल्ड’ होईपर्यंत वाचकाला 8,010 च दिसत राहते. बिल्ड मध्येच अडकला तर कोठार आणि पान यांचा मेळ बसत नाही आणि ऑपरेटर म्हणतो, ‘माझ्याकडे तर बरोबर दिसते.’ कॅशे, म्हणजे पानाची साठवून ठेवलेली प्रत, साध्या वर्डप्रेसमध्येही असतो, पण तो साफ करायचे बटण बहुधा त्याच पॅनेलमध्ये सापडते. इथे ठेकेदाराला फोन लावावा लागतो. शेतकरी मात्र तोवर आकडा वाचून गाडी भरायला निघालेला असतो.

याहून गंभीर गोष्ट फोनची. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. कोणते औषध कसे हाताळायचे, त्रास झाला तर कुठे जायचे, ही माहिती झरी जामणीतल्या एखाद्या कोलाम पोडावरच्या साध्या फोनवर उघडली पाहिजे. अनेक हेडलेस साइट आधी जवळजवळ रिकामे पान आणि भरपूर जावास्क्रिप्ट पाठवतात, मजकूर मागाहून मागवतात. नेटवर्क मध्येच गेले की हाती फिरते चक्र. पान सर्व्हरवरच तयार करून पाठवता येते, पण त्यासाठी आणखी एक सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो.

बाकीच्या अडचणी किरकोळ वाटतात, पण साचत जातात. साइटमॅप, शोध, तक्रारीचा फॉर्म हे सारे नव्याने बांधावे लागते, वर्डप्रेसची तयार प्लगइन तिथे बहुतांशी चालत नाहीत. पानाचा पत्ता बनवणारी काही साधने देवनागरी अक्षरे सरळ गाळून टाकतात. जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे वळवण्याची सोय करायची राहून गेली तर गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये फिरलेले दुवे एका रात्रीत मरतात.

खर्चाचेही तसेच. कोठार एका परदेशी सेवेकडे, त्याचे भाडे डॉलरमध्ये. पान दुसऱ्या होस्टिंगवर. बंद पडले की दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. शिवाय पान बांधण्याची साधने भराभर जुनी होतात. एके काळी फार गाजलेले गॅट्स्बी फेब्रुवारी 2023 मध्ये नेटलिफाय कंपनीने विकत घेतले आणि त्यानंतर त्याचे काम मंदावले. त्यावर साइट बांधून ठेकेदार निघून गेला असेल, तर ती पुढे कोण सांभाळणार?

यवतमाळ जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) ‘एस-थ्री-वास’ या व्यवस्थेवर चालते. साचा आणि होस्टिंग एनआयसीचे, माहिती जिल्हा प्रशासनाची. दिसायला ते साधे आहे, पण भरणारा आणि सांभाळणारा कोण, हे ठरलेले आहे. छोट्या संस्थांना तेवढी स्पष्टता पुरेशी आहे. उद्या अ‍ॅप काढायचेच झाले, तर डिसेंबर 2016 च्या 4.7 आवृत्तीपासून वर्डप्रेसच मजकूर एपीआयमार्फत देऊ शकते. साइट जुन्या पद्धतीची राहू द्यावी आणि अ‍ॅपला तिथूनच माहिती पुरवावी. हाच मधला रस्ता मला जिल्ह्यासाठी योग्य वाटतो.

म्हणून संस्थाचालकांना एवढीच विनंती, करारावर सही करण्यापूर्वी प्रात्यक्षिक अध्यक्षांच्या दालनात घेऊ नका. जो रोज माहिती भरणार आहे त्या ऑपरेटरला खुर्चीवर बसवा, त्याला एक मराठी नोटीस टाकायला, तिच्यातला आकडा बदलायला आणि बदललेले पान स्वतःच्या फोनवर उघडायला सांगा. ठेकेदाराच्या मदतीशिवाय त्याला ते जमले नाही, तर ती व्यवस्था घेऊ नका.