फटफटीवरून जगाची फेरी

फटफटी आता गावोगाव झाली आहे. तालुक्याला काम निघाले की किक मारायची आणि सुटायचे. पण अशाच गाडीवर बसून एकटा माणूस साऱ्या जगाला फेरी घालून आला, हे तुम्ही ऐकले आहे काय?

त्यांचे नाव टेड सायमन. माणूस इंग्लंडचा. धंदा वर्तमानपत्रात लिहिण्याचा. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी ते लंडनहून निघाले. वय ४२. गाडी ट्रायम्फ कंपनीची, ५०० सी.सी.ची. आणि गाडी चालवायला ते नुकतेच शिकलेले! नेमके त्याच दिवशी इजिप्त आणि इस्रायल यांच्यात युद्ध पेटले. सायमनसाहेबांची वाट तर इजिप्तमधूनच जायची. दुसरा कोणी असता तर मुहूर्त चुकला म्हणून घरी बसला असता. हे निघाले.

ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सुदान. हा सारा मुलूख अरबी लिपीचा. ही लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. ज्याला ती येत नाही, त्याला रस्त्यावरची पाटी म्हणजे नुसत्या रेघोट्या.

मंडळी, इथे जरा थांबा. एस.टी.च्या स्टँडवर "ही गाडी कुठली हो?" असे विचारताना तुमच्यापैकी कित्येकांना चोरट्यासारखे झाले असेल. आम्ही सारा जन्म शाळेत घालवला, पण एकदा मद्रासला गेलो तर तिथे आम्हीही अडाणीच ठरलो. एका पोराने बोट धरून आम्हाला धर्मशाळेपर्यंत नेले. लिहिण्यावर पोट भरणाऱ्या माणसालाही असे दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते.

सुदानच्या वाळवंटात चाक रुतायचे. गाडी आडवी व्हायची. सामानासकट ती एकट्याने उचलायची म्हणजे कंबरडे मोडते. साहेब पडले, उठले, पुन्हा पडले. ज्यांची भाषा येत नाही अशा लोकांनी त्यांना चहा पाजला, आसरा दिला.

असे का झाले? आम्हाला वाटते, ते एकटे होते म्हणून. चौघे मिळून निघाले की आपसातच बोलत बसतात. पण एकटा वाटसरू ओट्यावर टेकला की आतून पाण्याचा तांब्या येतो. मग कुठून आलात, जेवलात का, अशी विचारपूस सुरू होते.

सगळीकडेच असे पाहुणचार झाले नाहीत. ब्राझील देशात पोलिसांनी संशयावरून त्यांना डांबून ठेवले. पुढे काय होणार, कोणी सांगेना. मरणाची भीती वाटली. काही दिवसांनी सुटका झाली.

पुढे अमेरिका, ऑस्ट्रेलिया, मग आपला हिंदुस्थान. इथे एका भविष्य सांगणाऱ्याने त्यांचा संबंध गुरू ग्रहाशी जोडला. इंग्रजीत गुरूला ज्युपिटर म्हणतात. १९७९ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकालाही तेच नाव मिळाले.

१९७७ साली ते घरी पोचले. ४ वर्षे, ४५ देश, लाखभर किलोमीटर. वाटेत गाडी बिघडली, अडून बसावे लागले, की तिथलीच माणसे जास्त कळायची, असा त्यांचा अनुभव. हे आम्हाला फार पटले. मात्र ४ वर्षे घर सोडा, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. ज्याच्या मागे शेत आणि म्हातारी आई आहे, त्याने तालुक्यापलीकडचे एखादे गाव पाहिले तरी पुष्कळ.

२००१ साली, वय सत्तरीला टेकलेले असताना, सायमनसाहेब पुन्हा त्याच वाटेने निघाले. केनियात पडून पाय मोडला. बरा होईपर्यंत थांबले आणि पुढे गेले.