जांभ्यावरचे घर आणि त्याचा पाया

महाबळेश्वरी घर घेऊ पाहणाऱ्या गृहस्थाची बहुधा अशी ठाम समजूत असते की, डोंगरमाथा जांभ्याचा, जांभा म्हणजे खडक, तेव्हा खडकावरच्या घराच्या पायाची चिंता ती कसली! वस्तुतः काळ्या बेसाल्टवरचा हा जांभा सच्छिद्र असून, वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पडणारे पाणी तो पोटात घेतो, आणि त्याखालच्या मऊ, चिकण थरावर अडलेले ते पाणी उताराच्या दिशेने मार्ग काढू लागते. या भूमीला झऱ्यांचे वैभव ज्या क्रियेने लाभले, तिच्यामुळेच पायाखालची माती भिजून सैल होते. म्हणून जाणता तपासनीस दगडाच्या काठिण्याआधी पाण्याचा माग घेतो: पागोळ्यांचे पाणी जोत्याच्या मुळाशी मुरते काय, अंगणाचा उतार घराकडे आहे काय, आणि घरामागची माती तोलून धरणाऱ्या भिंतीतील पाणी निघण्याची भोके बुजलेली आहेत काय.

भिंतीला तडा दिसला की पाया खचला, हाही समज निराधार होय. गिलाव्यातील केसासारख्या रेघा पुष्कळदा तो सुकताना पडलेल्या असतात. परंतु सांध्यासांध्यांतून पायऱ्यांप्रमाणे तिरकी चढत जाणारी, एका टोकास रुंदावणारी भेग, आणि तिच्या जोडीला चौकटीत अडकू लागलेले दार, ही पाया असमान खचल्याची लक्षणे असू शकतात. उतारावर याचे मूळ बहुधा जागा सपाट करण्याच्या पद्धतीत सापडते. डोंगर कापून निघालेली माती पुढच्या बाजूस भरतात, आणि मग अर्धा पाया मूळ भूमीवर तर अर्धा त्या भरावावर उभा राहतो. अशा भेगेत सिमेंट भरून वर रंग देणे ही दुरुस्ती नव्हे, तो पुरावा पुसणे होय. भेगेवर काचेची पट्टी पक्की बसवून ती पावसाळ्यात तडकते की नाही हे पाहावे, म्हणजे हालचाल चालू आहे की थांबली याची खातरजमा होते.

घर १९६७ पूर्वीचे, दगडमातीचे असल्यास कोयनेच्या भूकंपाने सैल झालेले सांधेही तपासावेत.

मात्र सर्वांत घातक समज हा की, मे महिन्यात कोरडे दिसलेले घर कोरडेच असते. जुलै २०२१ मध्ये येथे एका दिवसात सुमारे ५९० मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दिवसांत याच सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथे, दरडींखाली घरे गाडली गेली. तेव्हा खरेदीखतावर सही करण्यापूर्वी एक पाहणी भर पावसात, जाणकार अभियंत्यासह, अवश्य करावी.