काटा हलेना, म्हणून इंजिन खोलायचं?

कुकरची शिट्टी वाजली नाही, की आपण लगेच नवा कुकर आणतो का? आधी रिंग बघतो, शिट्टीत शीत अडकलंय का ते बघतो. हीच नजर घरच्या जुन्या गाडीलाही लावता येते, मैत्रिणींनो!

कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींमधून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरी गावोगावी कुणाच्या तरी अंगणात सासऱ्यांची पद्मिनी नाहीतर अँबेसिडर अजून जिवापाड जपलेली दिसते. आमच्या मंडळातल्या एका वहिनींच्या अशाच गाडीचा तापमानाचा काटा हलेनासा झाला. गॅरेजवाला म्हणाला, "इंजिन खोलावं लागेल." वहिनी म्हणाल्या, "आधी काटा तपासा भाऊ, मग इंजिनाचं बघू." अगदी योग्य बोलल्या!

या काट्याकडे दुर्लक्ष मात्र नको. घाटात इंजिन तापलं आणि ते कळलंच नाही, तर हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं. मग खर्चाला अंत नाही.

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना आधी रेडिएटरमधलं पाणी बघा. पाणी कमी असेल तर सेन्सर कोरडा राहतो आणि काटा खालीच दिसतो. पेट्रोलचा काटाही बिघडलाय का? मग फ्यूज किंवा दोन्ही काट्यांना वीज पुरवणाऱ्या भागावर संशय घ्यावा.

तसं नसेल तर इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढा. चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. वायरचं टोक क्षणभरच इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. काटा गरम बाजूला धावला, तर काटा आणि वायर ठीक, दोष सेन्सरचा. हललाच नाही, तर वायर किंवा मीटर बघायचं. काही फार जुन्या गाड्यांत वायरऐवजी बारीक तांब्याची नळी असते. तिथे ही युक्ती चालत नाही. ती नळी तुटली की मीटरसकट बदलावं लागतं.

वहिनींच्या गाडीत काटा झटकन धावला. म्हणजे गेला होता तो छोटा सेन्सर!

बदलताना इंजिन पूर्ण थंड हवं. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. थोडं पाणी काढून पान्याने जुना सेन्सर सोडवा. नवा त्याच मीटरशी जुळणारा हवा, नाहीतर काटा चुकीचं सांगेल. आट्यांवर टेपचे थर चढवू नका, कारण सेन्सरला अर्थ तिथूनच मिळतो. पाणी भरा, इंजिन चालू करा, गळती बघा.

हे सगळं स्वतःच्या हातानं करायलाच हवं असं नाही. पण गॅरेजमध्ये उभं राहून "वायर टेकवून बघितली का?" एवढं विचारता आलं, तरी पुष्कळ. वहिनींचं इंजिन न खोलताच काम झालं. आता त्या घाटातसुद्धा काट्यावर नजर ठेवून निर्धास्त गाडी चालवतात.