अद्ययावतीकरण अडते कोठे?

१९८८ साली ज्या पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, तेथे आज अनेक घरांत संगणक आहे. त्यातील आज्ञावली आपोआप अद्ययावत होते, ती पाठविणाऱ्याचे सुरक्षा प्रमाणपत्र पडताळूनच. या प्रमाणपत्रांना मुदत असते. 'लेट्स एन्क्रिप्ट' संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधारभूत असलेले एक मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी मुदतबाह्य झाले आणि जगभर अनेक जुन्या यंत्रांचे सुरक्षित संपर्क तुटले. कित्येकांत नव्या मूळ प्रमाणपत्राची नोंदच नव्हती.

असे घडल्यास प्रथम संगणकाची तारीख व वेळ तपासावी. नंतर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून, गरज पडल्यास दुसऱ्या संगणकाच्या साहाय्याने, प्रमाणपत्रांची नवी यादी घ्यावी. पडताळणी मात्र बंद करू नये. पहारेकऱ्यास रजा देऊन दार उघडे ठेवण्यासारखेच ते होय.