ब्रेकखाली जळणारे पेट्रोल

२९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली, तेव्हा ती मोठी बातमी झाली. परभणीकरांना तिचे फारसे अप्रूप नव्हते. डेपोपासूनच्या अंतरामुळे तिथला दर बहुतेक वेळा मुंबईच्या पुढे असतो आणि तिथे शंभरी आधीच होऊन गेली होती. दर वाढले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, गाडी अ‍ॅव्हरेज किती देते? प्रश्न गाडीला असतो, पण निम्मे उत्तर चालवणाऱ्याच्या उजव्या पायात असते.

कंपनीच्या जाहिरातीत छापलेला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा जुळत नाही, ही तक्रार जुनी आहे. त्यात फसवणूक असतेच असे नाही. पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या संस्थेत ही चाचणी बंदिस्त प्रयोगशाळेत, रोलरवर चाके फिरवून घेतली जाते. वेग कधी वाढवायचा, कधी कमी करायचा, कुठे थांबायचे हे सेकंदागणिक ठरलेले असते. तिथे आडवी येणारी रिक्षा नसते, खड्डा नसतो, पुढच्याला ओव्हरटेक करण्याची घाई नसते. म्हणजे छापील आकडा हा एका शांत, शिस्तशीर चालकाचा आकडा असतो.

हा शांतपणा किती मोलाचा, हे साध्या भौतिकशास्त्राने मोजता येते. चालकासह हजार किलो वजनाची छोटी मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावते, तेव्हा तिच्यात सुमारे १४० किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. ती पेट्रोल जाळूनच आलेली असते आणि शहरातल्या वाहतुकीत पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. हिशेब केला तर ६० चा वेग गाठायला वीसेक मिलिलिटर पेट्रोल लागते, म्हणजे चहाचे चार चमचे. समोर लाल दिवा दिसत असूनही शेवटपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवला आणि मग करकचून ब्रेक मारला, तर हे चार चमचे ब्रेकच्या चकत्या तापवण्यात गेले. लिटरला शंभर रुपये धरले, तर एका ब्रेकचे दोन रुपये झाले.

ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ४० वरून थांबल्यास निम्म्याहून कमी, नऊ मिलिलिटरच्या आसपास जाते. गर्दीच्या रस्त्याने रोज कामावर जाणाऱ्याने दिवसातून असे वीस ब्रेक वाचवले, तर पंचवीस दिवसांत साडेचार लिटर होतात. सगळे ब्रेक वाचवता येत नाहीत. अचानक कुत्रे किंवा मूल आडवे आले तर ब्रेक मारलाच पाहिजे, तिथे चमचे मोजायचे नसतात. पण बरेचसे ब्रेक पुढच्या गाडीच्या फार जवळून चालवल्यामुळे लागतात. दीडशे-दोनशे मीटरवर सिग्नल लाल दिसला की पाय उचलावा. साठवलेली ऊर्जा गाडीला तिथवर घेऊन जाते, आणि कित्येकदा पोहोचेपर्यंत दिवा हिरवा झालेला असतो.

महामार्गावर हिशेब बदलतो. तिथे थांबणे कमी, पण हवा आडवी येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० ऐवजी १०० ने गेल्यास दर किलोमीटरमागे हवा कापण्याचे काम दीडपटीहून अधिक होते. बदल्यात मिळते काय? ६० किलोमीटरच्या मोकळ्या पट्ट्यात अवघी नऊ मिनिटे. टपावरच्या रिकाम्या कॅरिअरलाही हाच नियम लागू आहे. गावाहून आल्यावर ते काढून ठेवायचा कंटाळा करणारे वर्षभर त्याचे भाडे पंपावर भरतात.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने हा धडा कायद्यानेच गिरवला. जानेवारी १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटरची वेगमर्यादा आणणाऱ्या कायद्यावर सही केली. तेल नेमके किती वाचले यावर पुढे बरेच वाद झाले. पण रस्त्यांवरील अपघाती मृत्यू १९७३ मधील सुमारे ५४ हजारांवरून १९७४ मध्ये सुमारे ४५ हजारांवर आले. त्याचे सगळे श्रेय वेगमर्यादेचे नाही, कारण महागाईमुळे लोक फिरलेही कमी. तरी तेल वाचवायला निघालेल्या देशात माणसेही वाचली. भारतात पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था अनेक वर्षे ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सुचवत आली आहे. द्रुतगती मार्गावर तो अव्यवहार्य आहे हे खरे. राज्य मार्गावर आणि दुचाकीवर मात्र तो अगदी जमण्यासारखा आहे.

सिग्नलला गाडी चालू ठेवण्याची सवय खिशापेक्षा छातीला अधिक महाग पडते. छोट्या मोटारीचे इंजिन नुसते उभे राहून मिनिटाला दहा मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल पिते. एसी चालू असेल तर त्याहून जास्त. पुन्हा चालू करायला खूप पेट्रोल लागते, ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली. अमेरिकेतील अर्गोन नॅशनल लॅबोरेटरीच्या मोजमापांनुसार दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे असेल, तर इंजिन बंद करणेच फायद्याचे ठरते. आपल्याकडे बॅटरी थकलेली असली की लोक बंद करायला घाबरतात, आणि मागून हॉर्नचा गजर असतो तो वेगळाच. त्यामुळे अर्ध्या मिनिटाहून जास्त आकडा दिसत असेल तर बंद करावे, इतका नियम पुरे.

त्या अर्ध्या मिनिटात उभ्या गाड्यांतून जे बाहेर पडते, ते सर्वांत आधी शेजारच्या दुचाकीस्वाराच्या नाकात जाते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. नायट्रोजनचे ऑक्साइड श्वासनलिकांचा दाह करतात, तर सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जाऊन बसतात. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर एसी लावून उभ्या असलेल्या मोटारींची रांग म्हणूनच जास्त खटकते. मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेतात, आणि त्यांचे नाक सायलेन्सरच्या उंचीजवळ असते. इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये ‘इंजिन गरम करत’ गाडी चालू ठेवणे तर उघड धोक्याचे आहे. हल्लीच्या इंजिनांना त्याची गरजही नसते. सुरुवातीचे काही मिनिट हळू चालवले की ते आपोआप तापते.

बचतीच्या नावाखाली केली जाणारी एक गोष्ट मात्र जीवघेणी आहे. खंडाळा, कसारा किंवा आंबोलीच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे, आणि काही महाभागांचे तर इंजिनच बंद करणे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत यातून थोडे पेट्रोल वाचत असे, तिथूनच ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की संगणक इंधनाचा पुरवठा थांबवतो. उतारच इंजिन फिरवत असतो. न्यूट्रल केले तर इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागते. एप्रिल २०२० पासून बीएस ६ निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींमध्येही इंजेक्शन आले, त्यामुळे हे त्यांनाही लागू आहे.

म्हणजे वाचत काहीच नाही, आणि जाते ते इंजिन ब्रेकिंग. गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापत जातात, ऑइलला उकळी फुटली की पेडल दाबून तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. इंजिन बंद असेल तर ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोन-तीनदा दाबल्यावर संपते, पेडल दगडासारखे होते आणि पॉवर स्टिअरिंगही जड पडते. मालट्रकचे एअर ब्रेक तर इंजिनवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेवर अवलंबून असतात. घाटात चढताना जो गिअर लागतो साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम इंधनाच्या हिशेबातही आता बरोबर ठरतो.

उरलेल्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण फुकट आहेत. चाकांत हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, तापतो, आणि ते तापणे पेट्रोलवर होते. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. तो टायर थंड असताना तपासावा. दुचाकीस्वारांनी मागच्या ब्रेकवर पाय टेकवून चालवण्याची आणि अर्धा क्लच धरून ठेवण्याची सवय तपासावी. एसीबाबत फार डोके चालवू नये. गावात हळू जाताना काचा उघडाव्यात, महामार्गावर बंद कराव्यात.

फरक पडला की नाही, हे डॅशबोर्डवरच्या आकड्यावरून ठरवू नये. टाकी फुल्ल करून किलोमीटर लिहावेत, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करावी आणि धावलेल्या किलोमीटरना या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. तीन-चार वेळा केले की खरा आकडा कळतो. त्यात एक तिऱ्हाईतही असतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलने अ‍ॅव्हरेज थोडे उतरले तर तो दोष पायाचा नाही. एसटीच्या आगारांत हा हिशेब ‘केपीटीएल’ या नावाने मांडला जातो: दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर. घरच्या गाडीसाठी त्याला डॅशबोर्डच्या खणातली एक वही आणि पेन पुरते.